साडेचार वर्षांच्या मुलाच्या पायावर खाजऱ्या पुळ्या: पित्त, खरूज की चावा?

बावड्याची_आई

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. गेले बारा-तेरा दिवस त्याच्या गुडघ्याखाली आणि कोपरापासून मनगटापर्यंत लाल, टणक पुळ्या येतायत. बहुतेक ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या. दोन-तीन पुळ्यांवर मधोमध पाण्याचा बारीक फोड आहे. रात्री झोपेत खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. ताप नाही, खाणंपिणं, खेळणं नेहमीसारखं.

सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. शेजारच्या काकू म्हणतात खरूज आहे, सगळ्या घराला औषध लागेल. मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. चार दिवस लावली तेव्हा खाज थांबली, बंद केल्यावर दोन दिवसांत परत तेच. घरात सहा माणसं, बाकी कुणाला काही नाही. घरामागं गोठा आहे, दोन म्हशी. गोठ्यात मांजरी व्यालीय, पिल्लं पाच आठवड्यांची झालीत आणि हा दिवसभर त्यांच्यातच असतो. अंडी आणि शेंगदाणे मी आठवड्यापासून बंद केलेत. ॲलर्जीची रक्ततपासणी करून घ्यावी का? नेमकं कशामुळं होतंय ते शोधायचं कसं?

त्वचावही

ताई, रक्ततपासणी आत्ता करू नका, आणि अंडी-शेंगदाणे परत सुरू करा. खाण्याची ॲलर्जी अशी दिसत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, आणि एका दिवसात अंग पूर्ववत होतं. बारा दिवस फक्त पायावर आणि हातावर राहणाऱ्या टणक पुळ्या अंड्यानं येत नाहीत. रक्तात एखाद्या पदार्थाचा आकडा वाढलेला निघाला तरी तो पदार्थ बाधतोच असं नसतं. पुष्कळ मुलं असा रिपोर्ट असूनही ते आरामात खातात. मग कारण नसताना वाढीच्या वयातल्या पोराचं अंडं बंद होतं.

कारण पुळीच्या वागण्यातून कळतं. पुळी किती तास टिकते, अंगावर कुठं येते आणि कुठं येत नाही, या दोनच गोष्टी आधी बघा.

पहिली बॉलपेनची खूण. आजच उठलेल्या तीन-चार पुळ्या निवडा, प्रत्येकीच्या कडेनं पेनानं गोल काढा, शेजारी वेळ लिहा आणि फोटो घ्या. उद्या त्याच वेळी बघा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत त्या जागेवरून नाहीशी होते आणि दुसरीकडं उठते, मागं डागसुद्धा राहत नाही. वर्तुळात पुळी तशीच टणक बसलेली असेल तर ते पित्त नाही. एकच सावधगिरी: चाव्याची जागासुद्धा पहिल्या तास-दोन तासांत गांधीसारखी मऊ आणि पसरट दिसू शकते. म्हणून तासाभरात निष्कर्ष काढू नका, पूर्ण दिवस जाऊ द्या.

दुसरं, दिवसाउजेडी खिडकीजवळ त्याचे सगळे कपडे काढून बघा. रात्री बल्बखाली बघितलेलं फसवतं. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखेची पुढची घडी, बेंबीभोवती, कमरेला नाडी बसते ती जागा, कुल्ले आणि शू-ची जागा. खरूज या जागा धरते. मुलग्याच्या लिंगावर किंवा अंडकोशावर खाजणाऱ्या गाठी दिसल्या तर जवळजवळ खरूजच समजा. बेचकीत काही मिलिमीटर लांबीची, राखाडी, वाकडीतिकडी दोऱ्यासारखी रेघ दिसते का बघा. तो खरजेच्या किड्याचा बोगदा असतो.

किड्यांच्या चाव्याला उठणाऱ्या पुळ्या याच्या उलट वागतात. उघड्या अंगावर येतात, चड्डीखालचा भाग आणि काखा सोडतात, आणि घोळक्यानं येतात, बऱ्याचदा तीन-चार एका ओळीत. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा, पुळीच्या टोकावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो.

आता ‘बाकी कुणाला नाही’ याबद्दल, कारण इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. खरूज पहिल्यांदा अंगात शिरल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे घरात कुणाला खाज नाही एवढ्यावर खरूज बाद होत नाही. त्याच्या शेजारी जे झोपतात त्यांना रात्री खाजतं का, ते वेगळं विचारा, मोठी माणसं लाजून सांगत नाहीत. आणि चाव्यांच्या बाबतीत, किडे घरातल्या सगळ्यांना चावत असले तरी पुळ्या एकट्या पोराच्याच अंगावर उठू शकतात. दोन ते दहा वर्षांच्या मुलांची त्वचा त्या लाळेला नवीन असते म्हणून जास्त चिडते. मोठ्यांची त्वचा सरावलेली असते. डॉक्टर याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात. ‘डास असते तर आम्हालाही उठलं असतं’ हे म्हणणं म्हणून लागू पडत नाही.

बाकीच्या गोष्टी झटकन बाजूला काढता येतात. घामोळ्या मानेवर-पाठीवर राईएवढ्या येतात आणि वारा लागला की बसतात. गजकर्णाला कडा उठलेली आणि मध्ये साफ अशी चकती असते. कांजिण्यांत ताप येतो, पोट-पाठीपासून सुरुवात होते आणि लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली हे सगळं एकाच वेळी अंगावर दिसतं. इसब गुडघ्यामागं आणि कोपराच्या घडीत, कोरड्या खरबरीत त्वचेवर येतो.

औषधपेटी

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन किंवा बीटामेथासोन यांतलं एखादं स्टेरॉइडचं नाव, सोबत बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल, आणि शेवटी जंतूंवरचं निओमायसिन किंवा जेंटामायसिन असेल तर ते तीन-चार औषधांचं मिश्रण आहे. त्यातल्या कडक स्टेरॉइडनं खाज दबते, कारण तसंच राहतं. चार दिवस लावून आराम आणि बंद करताच परत, ही तुमची हकीकत त्याला तंतोतंत जुळते. अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये झाला आहे.

चार दिवसांनी पोराच्या त्वचेला काही झालेलं नाही, घाबरू नका. पण आता थांबवा. खरूज किंवा गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की त्याचं रूपच बदलतं, कडा पुसतात, रेघा दिसत नाहीत आणि आतून मात्र ते पसरत राहतं. मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. दाखवायला जाल तेव्हा ट्यूब सोबत न्या.

तोवर खाजेसाठी: सुती फडकं गार पाण्यात पिळून पुळ्यांवर दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कॅलामाइन लोशन बाटली नीट हलवून लावा, गुलाबी थर वाळू द्या. खाजवून सोललेल्या जागेवर लावू नका. झोप मोडत असेल तर सेटिरिझिन सिरप. या वयाला साधारण अडीच मिलिग्रॅम देतात, आणि दिवसभरात एकूण पाचच्या वर जात नाहीत. बाटलीवर ‘५ मिलि मध्ये ५ मिलिग्रॅम’ लिहिलेलं असेल तरच अडीच मिलिग्रॅम म्हणजे अडीच मिलि, म्हणून बाटली बघितल्याशिवाय चमच्यानं मोजू नका. बाळरोगतज्ज्ञांना फोनवर वजन सांगून पक्कं करा. घरात पडलेलं झोप आणणारं जुनं सर्दीचं औषध त्याऐवजी देऊ नका.

नखं आजच कापा आणि कानशीनं घासा, कापलेल्या नखाची धार जास्त ओरबाडते. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका, त्वचा कोरडी पडून खाज वाढते. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा, अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल लावा. सासूबाईंचं आमसुलाचं पाणी अखंड त्वचेला अपाय करणार नाही, पण ओरबाडलेल्या जागी झोंबेल. कडुलिंबाचा पाला वाटून घासायलाही कुणीतरी सांगेल, ते मात्र नकोच.

बावड्याची_आई

दोघांचेही मनापासून आभार. अंडी सुरू केली. परवा सकाळी चार पुळ्यांना गोल केले होते. २४ तासांनी चारही तशाच, आज ४८ तास झाले, तीन तशाच आणि एकीवर खपली. बेचक्या, काखा, बेंबी, चड्डीखाली एकही नाही. डाव्या घोट्याच्या वर तीन पुळ्या अगदी एका रेषेत आहेत, बोटभर अंतरानं. कॅमेऱ्यात ठिपका दिसला. एक वेगळं लक्षात आलं: काल पायावर नवीन दोन उठल्या आणि त्याच वेळी कोपरावरची आठ दिवसांपूर्वीची वाळलेली पुळीही परत लाल होऊन खाजायला लागली. यजमानांना विचारलं, त्यांना रात्री खाज नाही. मच्छरदाणी आम्ही आधीपासून लावतो. मग चावतंय काय?

गोठा_ते_घर

जुनी पुळी नव्या चाव्याबरोबर परत फुलणं ही या प्रकाराची ठळक खूण. आता नेमका किडा शोधा, कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. मच्छरदाणी डास अडवते, ढेकूण आणि पिसवा अडवत नाही.

घोट्याजवळ, गुडघ्याखाली, गोठ्यात मांजराची पिल्लं, पावसाळी दमट हवा. माझा पहिला संशय पिसवांवर. तरी ढेकूण आधी तपासून बाजूला करा.

ढेकणांसाठी रात्री बारानंतर टॉर्च घेऊन अंथरूण उलटवा. गादीची शिवण, खाटेचे सांधे, भिंतीला लागलेली बाजू. आणि वाकळ असेल तर तिची प्रत्येक घडी आणि ठिगळाची कड नखानं उचलून बघा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असतात, ढेकणाला याहून चांगली जागा नाही. मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी असतो. तो दिसला नाही तरी शाईच्या टोकानं टिंब दिल्यासारखे काळे डाग आणि फिकट पारदर्शक टरफलं शिवणीत सापडतात. ढेकूण झोपेत उघडं राहिलेलं कुठलंही अंग चावतो, मान आणि खांदेसुद्धा. तुमच्याकडं तिथं पुळ्या नाहीत.

पिसवांसाठी तीन चाचण्या, तिन्ही फुकटच्या. गुडघ्यापर्यंत पांढरे पायमोजे घालून गोठ्यात जिथं मांजरी बसते तिथं दहा मिनिटं फिरा. दोन-तीन मिलिमीटरचे, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे किडे मोज्यावर उडी मारून बसले तर त्या पिसवा. पिसू बोटानं चिरडत नाही, नखाखाली धरावी लागते. दुसरी, उवांच्या बारीक फणीनं मांजरीची शेपटीकडची पाठ आणि मान विंचरा. फणीत निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. मिनिटाभरात कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर काळीच राहील. तिसरी, रात्री उथळ ताटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून जमिनीवर ठेवा, वर फूटभर उंचीवर छोटा दिवा. पिसवा उजेडाकडं उड्या मारतात आणि साबणाच्या पाण्यात बुडतात. वायर पाण्यापासून आणि पोरापासून लांब ठेवा.

बावड्याची_आई

मांजरीला आज दुपारी विंचरलं. कापसावर कणाभोवती लाल वर्तुळं पसरली. ताटलीत सकाळी अकरा पिसवा होत्या! आता गोठ्यात फवारणी करायची का? घरात उसाला मारायचं औषध आहे. आणि खरूज नाही हे आता नक्की ना?

गोठा_ते_घर

उसाचं औषध गोठ्यात किंवा घरात अजिबात मारू नका. शेतीची कीटकनाशकं त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात, बंद जागेत पोरं, मांजर, म्हशी सगळ्यांना विषबाधा होऊ शकते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: जनावर, अंथरूण आणि जमीन एकाच दिवशी. नुसतं मांजर साफ केलं तर जमिनीतून परत चढतात, नुसती जमीन केली तर मांजर परत अंडी सांडतं. पिसूची अंडी मांजराच्या अंगावरून मिठाच्या दाण्यांसारखी खाली पडतात, अळ्या फटीतल्या धुळीत वाढतात आणि मग कोश करतात. या कोशाला फवारणी लागत नाही. म्हणून सफाईनंतर दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघत राहतात, आणि लोकांना वाटतं औषध वाया गेलं.

मांजरीला जनावरांच्या डॉक्टरांकडून मानेवर टाकायचं थेंबाचं औषध घ्या, मांजराचंच, वजन सांगून. कुत्र्याचं थेंबाचं औषध किंवा पावडर मांजराला लावू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, झटके येऊन मांजर मरू शकतं. पाच आठवड्यांच्या पिल्लांना बरीचशी थेंबाची औषधं चालत नाहीत, बहुतेक आठ आठवड्यांनंतरच देतात. तोवर रोज फणीनं विंचरा आणि प्रत्येक फणी साबणाच्या पाण्यात बुडवा.

गोठ्यात पिल्लांखालचं पोतं जाळून टाका, नवं फडकं द्या आणि ते दर तीन-चार दिवसांनी उकळत्या पाण्यात टाका. कडब्याचा चुरा, भिंतीकडची धूळ, गव्हाणीखालचा केर खराट्यानं कोपऱ्यापर्यंत ओढा आणि लगेच बाहेर न्या. घरातही खाटेखाली, उंबऱ्याच्या फटीत तेच, तीन आठवडे रोज. चादरी-उशांचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास. आषाढात ऊन मिळत नाही, वाळल्यावर इस्त्री फिरवा. वाकळ धुणं जमत नसेल तर तीन आठवडे पोराच्या अंथरुणातून बाजूला ठेवा. एवढं करूनही ताटलीत रोज सापडत राहिल्या तर घरगुती वापराची परवानगी असलेली फवारणी माहीतगार माणसाकडून करून घ्या. जमीन पूर्ण वाळेपर्यंत पोर आणि मांजरं बाहेर, म्हशी दुसरीकडं बांधा, गव्हाण झाका.

तोवर त्याला गोठ्यात पांढरी फुल पँट मोज्यात खोचून पाठवा, पिसू चढली तर दिसते.

त्वचावही

खरजेचा संशय आता फार कमी, तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, नाहीतर नेहमीचे बाळरोगतज्ज्ञ. ते बहुतेक सौम्य स्टेरॉइड मलम पाच-सात दिवस, फक्त पुळ्यांवर लावायला देतील. तुमच्या ट्यूबसारखं कडक नाही आणि चेहऱ्यावर नाही. एक पुळी बसायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात. सावळ्या त्वचेवर काळा डाग काही महिने राहतो, त्याला मलम लागत नाही. मोजायचं ते एवढंच: नवीन पुळ्या किती येतायत. रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा. सफाईनंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकडा उतरायला हवा.

उतरला नाही, किंवा बेचक्यांत, चड्डीखाली नवीन गाठी आल्या, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला रात्रीची खाज सुरू झाली, तर खरूज परत डोक्यात घ्या. तिचं औषध डॉक्टरांनी दिलं तरी लावण्यात चूक होते म्हणून इथं लिहून ठेवतो, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम रात्री, गार आणि कोरड्या अंगाला, मानेपासून तळपायापर्यंत. खाजते तिथंच लावणं ही सगळ्यात मोठी चूक. बेचक्या, नखांखाली, बेंबी, कुल्ल्यांची घडी, काहीही सोडायचं नाही. तान्ह्या बाळाला डोक्याला आणि चेहऱ्यालाही लागतं, डोळे-तोंड सोडून, पण दोन महिन्यांखालच्याला डॉक्टरांशिवाय नाही. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, एक ते पाच वर्षांच्याला पाव. आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा एकदा. त्या दिवसांतले कपडे-चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस, आठवडा ठेवलं तर निर्धास्त. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, म्हणून तिसऱ्यांदा-चौथ्यांदा लावत बसू नका. पिसवांच्या चाव्याला मात्र हे मलम उपयोगाचं नाही.

याच्यात वाट बघायची नाही असं काय, तेही सांगतो. पुळीवर मधाच्या रंगाची चिकट खपली, पू, भोवतीची लाली आणि सूज वाढत जाणं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, जंतू शिरलेत. अशा पिकलेल्या जखमांनंतर काही आठवड्यांत सकाळी पापण्या सुजल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर ताबडतोब, ते मूत्रपिंडाला लागलेलं असू शकतं. जांभळट ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून बघा. दाबल्यावर फिके पडले नाहीत तर तो चावा समजू नका, लगेच दवाखाना. आणि गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली तर १०८.

बावड्याची_आई

सगळं लिहून फ्रीजवर लावलंय. आज सकाळी नवीन चार पुळ्या. एक शेवटचं विचारते: सासूबाई म्हणतात मांजर आणि पिल्लं नदीपलीकडं सोडून या. पोरगं रडून गोंधळ घालतंय. सोडावीच लागतील का?

गोठा_ते_घर

नाही. मांजर आत्ता काढलं तर उलट होईल. कोशातून निघणाऱ्या उपाशी पिसवांना मांजर मिळालं नाही की त्या तुमच्यावर आणि पोरावर येतात. औषध लावलेली मांजरी गोठ्यात राहिली तर पिसवा तिच्यावर चढतात आणि मरतात. पिल्लांना आठ आठवडे पूर्ण झाले की त्यांनाही डॉक्टरांकडं नेऊन थेंब घाला, आणि मांजरीचा पुढचा डोस बरोबर महिन्यानं. त्या तारखेला कॅलेंडरवर गोल करा, पुळ्यांचे आकडे लिहिताय तिथंच.